शाळेची भिंत सर्वांची

आषाढ लागला की आमच्या जालना जिल्ह्यातील अनेक शाळांतून दिंडी निघते. एका मुलास विठोबा व एका मुलीस रखुमाई करण्यात येते. गोकुळाष्टमीस कोणी कृष्ण होतो. भाद्रपदात वर्गाच्या कोपऱ्यात मखर उभे राहते आणि दोन वेळा आरती होते. आश्विनात पाटीवर सरस्वतीची आकृती काढून तिला हळदकुंकू व फूल वाहण्यास मुलांना सांगितले जाते. गावात कोणासही यात काही वावगे वाटत नाही. उलट ज्या शिक्षकाने यांतील काही केले नाही, त्यालाच लोक विचारतात, "काय गुरुजी, यंदा शाळेत काहीच कसे नाही?"

हेच सारे कोणी आपल्या घरी, देवळात किंवा मंडळाच्या मांडवात करील, तर त्याविषयी आमची तिळमात्र तक्रार नाही. राजूरच्या गणपतीस जाणारा भाविक आपल्या श्रद्धेने जातो, जांब येथे समर्थांच्या जन्मस्थानी जाणाराही आपल्या श्रद्धेने जातो. संविधानाच्या २५ व्या कलमाने त्यांना तो हक्क दिला आहे, आणि त्याच कलमाने आम्हांस आमचा धम्म आचरण्याचा हक्क दिला आहे. आमचा प्रश्न फक्त शाळेपुरता आहे. जिल्हा परिषदेची शाळा ही कोणत्याही देवस्थानाची मालमत्ता नाही. ती सर्वांच्या करातून बांधली गेली आहे, तिच्या शिक्षकाचा पगार सर्वांच्या करातून निघतो, आणि तिच्या हजेरीपटावर हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्व घरांतील मुलांची नावे आहेत. अशा शाळेच्या भिंतीवर एकाच धर्माची दैवते का असावीत, एवढेच आम्ही विचारीत आहोत.

ज्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्या कुटुंबाच्या बाजूने या गोष्टीकडे पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी लक्षावधी बांधवांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पहिल्या तीन कशाविषयी आहेत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याचा व त्यांची उपासना न करण्याचा तो निश्चय आहे. आईबापांनी हा निश्चय भर समाजासमोर उच्चारावा, घरातील देव्हारा उतरवावा, आणि त्याच आठवड्यात त्यांच्या सात वर्षांच्या मुलीस शाळेत मखरापुढे रांगेत उभे करून हात जोडावयास लावावे, तर त्या निश्चयाचे काय झाले? बाबा खरे की गुरुजी खरे, हे ठरविण्याचा भार सात वर्षांच्या जिवावर टाकणे ही क्रूरता होय.

दसऱ्याचा प्रसंग तर याहून बोचणारा आहे. १९५६ सालचा तो १४ ऑक्टोबर विजयादशमीचा दिवस होता. ज्या सणाच्या निमित्ताने शाळांतून पाटीपूजन होते, तोच आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. एकाच आठवड्यात मूल विहारात आईशेजारी बसून पंचशील म्हणते आणि शाळेत सरस्वतीस फूल वाहते. देव्हाऱ्यातून आम्ही जे काढले ते शाळेच्या दाराने पुन्हा घरात येत आहे, आणि ते आणणारा हात आमच्याच लेकराचा आहे!

शासनाच्या शाळेत धर्म असावा की नसावा, हा प्रश्न घटना समितीपुढे डिसेंबर १९४८ मध्ये आला होता. त्या वेळी बाबासाहेबांनी सांगितलेली कारणे जुनी झालेली नाहीत. सर्व धर्मांच्या लोकांकडून घेतलेला कर एका धर्माच्या शिकवणुकीवर खर्च करणे न्याय्य नाही. ज्या देशात इतके धर्म नांदतात तेथे प्रत्येकाच्या समाधानाची व्यवस्था करणे शासनास शक्य नाही. शिवाय प्रत्येक धर्म आपलाच मार्ग मोक्षाचा असे सांगत असता तो वाद शाळेत आणला, तर शाळेची शांतता टिकणार नाही. धर्मांचा अभ्यास करणे निराळे आणि धर्माची शिकवण देणे निराळे, हा भेदही त्यांनी स्पष्ट केला होता.

या विचारातून आजचे २८ वे कलम सिद्ध झाले. पूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हा त्याचा पहिला भाग. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणासही, त्याच्या संमतीवाचून आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येणार नाही, हा त्याचा तिसरा भाग. या तिसऱ्या भागातील 'संमती' हा शब्द प्रत्येक पालकाने पाठ करून ठेवावा. संविधान पालकाच्या नकाराची वाट पाहत नाही, ते शाळेला पालकाची संमती मागावयास लावते. ज्या पालकाला कोणी विचारलेच नाही, त्याने संमती दिली असे म्हणता येत नाही. भीतीने किंवा भिडेने गप्प बसलेल्या मजुराचे मौन म्हणजे त्याची सही नव्हे. आजवर किती शाळांनी आरतीपूर्वी आमच्या पालकांना विचारले आहे? आणि खाजगी अनुदानित शाळेला जे करता येत नाही, ते शासनाच्या स्वतःच्या शाळेला कसे करता येईल?

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप असा की, हा धर्म नसून संस्कृती आहे. ठीक आहे. मग जे मूल हात जोडीत नाही त्याच्यावर धर्माचा अपमान केल्याचा आरोप का येतो? मखरात दिव्याची आरास असेल, रांगोळी असेल, तर ती शोभा आहे असे एक वेळ मानू. परंतु प्राणप्रतिष्ठा, आरती, नैवेद्य आणि विसर्जन हे विधी आहेत. विधी करावयाचा तेव्हा तो धर्म, आणि जाब विचारला की ती संस्कृती, हे चालणार नाही. शिवाय जालन्याच्या मातीची संस्कृती एकरंगी कधी होती? आमच्या जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावे दगडावर कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाची माणसे बुद्धाच्या स्तूपासाठी दान देत होती. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळच बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. शतकानुशतके येथे मुसलमान नांदले आहेत. या साऱ्यांतून एक गणपती आणि एक सरस्वती तेवढी निवडून तिला 'आपली संस्कृती' म्हणणे म्हणजे बाकीच्यांना पाहुणे ठरविणे होय.

दुसरा आक्षेप असा की, सरस्वती ही विद्येची देवता आहे, तिला नमस्कार करण्यात काय बिघडले? विद्येची देवता पूजिली जात होती त्याच शतकांत शूद्रांस, अतिशूद्रांस व स्त्रियांस विद्येची बंदी होती, हे आम्ही विसरावे काय? साताऱ्याच्या शाळेत बालक भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, त्या शाळेतही विद्येच्या देवतेस नमस्कार करणारे लोक होतेच. आमच्या मुलींसाठी शाळेचे दार माणसांनी उघडले. १८४८ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि त्यात तिने आमचा धर्म कोणता, हाच प्रश्न विचारला. शिक्षणाचे उपकार आठवावयाचे तर शेणगोळे सोसून शिकविणाऱ्या त्या माउलीचे आठवावे.

तिसरा आक्षेप बहुसंख्येचा. गाव हिंदूंचे आहे, गणेशोत्सव तर २०२५ पासून शासनाने राज्य महोत्सव ठरविला आहे, मग शाळेतच तेवढा का नको? घरातील गणपती १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने चौकात आला. चौकात ज्याला थांबावयाचे तो थांबतो, ज्याला जावयाचे तो पुढे जातो. शाळेत हजेरीपट असतो. शिक्षणाची सक्ती आहे, गुरुजींच्या हाती गुण आहेत, आणि मुलाला पुढे निघून जाण्याची मुभा नाही. मूलभूत हक्क मतमोजणीने मिळत नसतात, अल्पसंख्याला बहुसंख्याकांपासून संरक्षण मिळावे म्हणूनच ते लिहिले गेले. मराठवाड्याच्या माणसाला तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. निजामी राजवटीत १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. विद्यार्थ्याच्या तोंडी काय असावे व काय नसावे हे सत्तेने ठरवू नये, यासाठी मराठवाड्याने किंमत मोजली आहे. त्या लढ्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आज आमच्या मुलांच्या तोंडी बळेच आरती घालावी काय?

चौथा आक्षेप समंजसपणाच्या वेषात येतो. "तुमच्या मुलाला सक्ती नाही. आरती होईपर्यंत ते बाहेर थांबले तरी चालेल." बंधूंनो, हे बोलणे गोड आहे, पण 'बाहेर' हा शब्द आम्ही ओळखतो. आमचे आजे शाळेच्या बाहेर बसत होते. जातीमुळे बाहेर बसविलेल्यांच्या नातवांना आता धम्मामुळे बाहेर थांबवावयाचे, आणि त्याला सवलत म्हणावयाचे! आत प्रसाद वाटला जात असता ओट्यावर एकटे उभे असलेले मूल स्वतंत्र आहे असे कोणास वाटते? दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन रांगेत जाईल, आणि मग म्हणतील, पाहा, ते स्वखुशीने आले.

परदेशांतही हा वाद झाला आहे. अमेरिकेतील केंटकी राज्याने वर्गावर्गांतून बायबलातील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला. जर्मनीत बव्हेरियातील शासकीय शाळांच्या वर्गात क्रूस लावण्याची सक्ती घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये घटनाबाह्य ठरविली, कारण शिक्षणाची सक्ती असलेल्या मुलाला त्या क्रूसाखालून दूर जाता येत नाही. उलट इटलीच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये वर्गातील क्रूस राहू दिला. तो भिंतीवरील एक मूक चिन्ह आहे आणि मुलांकडून त्यापुढे काही करवून घेतले जात नाही, असे त्याचे म्हणणे पडले. आमचे विरोधक या निकालाकडे बोट दाखवितील, तर त्यांनी तो जरूर दाखवावा. आमच्याकडील मखर मूक कोठे आहे? त्याच्यापुढे मुलांना गावयाचे असते, फूल वाहावयाचे असते, हात जोडावयाचे असतात. इटलीची कसोटी लावली तरीही आमच्या शाळांतील आरती त्या कसोटीला उतरत नाही.

आपल्याकडची न्यायालये या प्रश्नी गप्प राहिलेली नाहीत. केरळात राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, परंतु आपल्या श्रद्धेमुळे ते न म्हणणारी तीन मुले १९८५ मध्ये शाळेतून काढली गेली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर मुलाच्या सदसद्विवेकाचा मान राखला जातो, तर आरतीच्या बाबतीत का नाही? महाराष्ट्रातच नाशिक येथील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वेतनवाढ अडविण्यात आली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि हात जोडण्याची सक्ती हा मूलभूत हक्काचा भंग ठरविला. प्रौढ शिक्षकाला जे स्वातंत्र्य आहे ते बालकाला दुप्पट असावयास हवे, कारण बालकाला न्यायालयाची पायरी चढता येत नाही.

परंतु निकाल कागदावर असतो आणि गाव जमिनीवर. राजस्थानातील बाराँ जिल्ह्यात २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी एका शासकीय शाळेतील शिक्षिकेने बाबासाहेब, गांधीजी व सावित्रीबाई यांच्या तसबिरी मांडल्या. सरस्वतीची तसबीरही हवी, असा गावकऱ्यांनी हट्ट धरला, तिने तो मानला नाही, आणि पुढे निलंबित झाली ती शिक्षिका! संविधान अमलात आले त्या दिवशी, संविधानाप्रमाणे वागल्याबद्दल ही शिक्षा! आमच्या राज्याचा अनुभवही बोलका आहे. शासकीय कार्यालयांत व शाळांत देवदेवतांच्या तसबिरी व धार्मिक विधी असू नयेत, अशा आशयाचे परिपत्रक जानेवारी २०१७ मध्ये ग्रामविकास खात्याने काढले. राजकीय ओरड होताच ते अल्पावधीत मागे घेण्यात आले. ज्यांनी ते मागे घेतले त्यांना आम्ही एवढेच सांगू की, खात्याचे परिपत्रक खात्याच्या सहीने मागे घेता येते, पण २८ वे कलम कोणत्याही खात्याच्या सहीने मागे घेता येत नाही. परिपत्रक नव्हते तेव्हाही ते कलम होते, आणि परिपत्रक गेल्यावरही ते उभे आहे.

आता आमच्याच बांधवांशी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. कित्येक ठिकाणी आमची तरुण मंडळी म्हणतात, त्यांचा गणपती बसतो तर आमची बुद्धमूर्तीही शाळेत बसवा, त्यांची आरती होते तर आमची वंदनाही होऊ द्या. हा राग समजण्यासारखा आहे, परंतु ही मागणी चूक आहे. आज आम्ही भिंतीचा एक हात मागितला की भिंत वाटून घेण्याचे तत्त्व आम्ही मान्य केले, आणि वाटणीत नेहमी बळवंताचा वाटा मोठा असतो. दहा घरांच्या बौद्धवाड्याला त्या वाटणीत काय मिळणार, आणि एकाच घराच्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलाला काय उरणार? बुद्धवंदनेस हिंदू मुलाला बळेच बसविणे हेही २८ व्या कलमाचा भंगच होईल. शिवाय तथागतांनी कोणावर श्रद्धा लादली नाही. स्वतः पारखून घ्या, असे सांगणारा धम्म सक्तीच्या रांगेत शोभत नाही. बुद्धपौर्णिमेची आरास विहारात करू, घरावर पंचरंगी ध्वज लावू, गल्लीत दिवे लावू. शाळेसाठी आमची मागणी एकच असावी, ती भिंत सर्वांची राहू द्या.

कोणी विचारील, मग बाबासाहेबांची तसबीर तरी शाळेत का? बाबासाहेब, जोतिराव, सावित्रीबाई हे देशाच्या इतिहासातील पुरुष व स्त्रिया आहेत. त्यांचे कार्य वाचता येते, तपासता येते, त्यावर वादही घालता येतो. मात्र आम्हीच त्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून, नारळ फोडून आरती म्हणू लागलो, तर हा भेद आम्हीच पुसून टाकू. १४ एप्रिलला शाळेत भाषणे व्हावीत, निबंध व्हावेत, पुस्तके वाटावीत. पूजा मात्र होऊ नये.

आणि मुलांच्या आनंदावर आम्ही उठलो आहोत, हा आरोप आम्हांस मान्य नाही. तोरण, रांगोळी, पताका, लेझीम यांवर कोणत्याही धर्माचा मक्ता नाही. ३ जानेवारीस सावित्रीबाईंच्या जयंतीला वर्ग सजवावा, २६ नोव्हेंबरला संविधानदिनी पताका लावाव्यात, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या १७ सप्टेंबरला गावभर फेरी काढावी. ज्या आनंदात वर्गातील एकही मूल परके होत नाही, तो शाळेचा खरा सण.

शेवटी कर्तव्याची गोष्ट. केवळ चडफडून काही साधत नाही. प्रत्येक बौद्ध पालकाने जूनमध्ये शाळा उघडताच मुख्याध्यापकांस साध्या कागदावर अर्ज द्यावा की, संविधानाच्या २८ व्या कलमान्वये माझ्या पाल्याने कोणत्याही धार्मिक उपासनेत भाग घेण्यास माझी संमती नाही. त्याची पोच घ्यावी व ती जपून ठेवावी. अर्ज नम्र असावा, एकट्याने न जाता चार पालकांनी मिळून जावे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्या सदस्यांपैकी किमान तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आमची किती माणसे त्या समितीच्या सभेस जातात? आमच्या किती भगिनींनी तेथे तोंड उघडले आहे? मखर कोणी मांडावे हे तेथे ठरते, तर ते मांडू नये हेही तेथेच ठरवून घेता येईल. अर्ज दिल्याबद्दल मुलाला टोमणे मारले, वेगळे बसविले, तर त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मानसिक छळास बंदी केली आहे, हे मुख्याध्यापकांच्या निदर्शनास आणून द्यावे.

आपले शिक्षक हे आपले शत्रू नव्हेत. त्यांतील पुष्कळांना गावाचा दबाव असतो, आणि चार पालकांचा लेखी अर्ज हाती आला तर त्यांनाही नाही म्हणावयास आधार मिळतो. हिंदू शेजाऱ्यांशीही भांडण नको. त्यांना घरी बोलवावे, चहा द्यावा आणि शांतपणे विचारावे: उद्या शाळेत दुसऱ्या धर्माची उपासना सुरू झाली आणि तुमच्या मुलास तीत उभे केले, तर तुम्ही गप्प बसाल काय? जे तुम्हांस तुमच्या मुलासाठी नको, ते आमच्या मुलासाठी का हवे?

ज्या समाजाला शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्याने ती पायरी चढून दाखविली. आता आत बसलेल्या आमच्या मुलाने मान ताठ ठेवून बसावे, एवढीच मागणी उरली आहे. ती भीक नव्हे, संविधानाने दिलेला हक्क आहे, आणि तो मागण्याचे काम येत्या जूनमध्ये प्रत्येक घराने करावयाचे आहे.

जय भीम!